आवाज बंद कोणी केला

गाझियाबादला आमच्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही, इतकी वैतागले होते. कॉम्प्युटरचा आवाज गेल्यामुळे पुण्याच्या बहिणीशी माझं रोजचं व्हिडिओवरचं बोलणं अडलं होतं. हा तीन दिवस येऊन एकेक वायर काढायचा, तिच्यावर फुंकर मारायचा आणि परत लावून मान हलवायचा. चौथ्या दिवशी कॉम्प्युटर चालू होतानाच एक बटण टकाटक दाबून त्याने बायोसची, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी मुळातली, सेटिंग उघडली. तिथे ऑडिओच बंद होता.

"मॅडम, ये अपने आप बंद नहीं होता," तो शांतपणे म्हणाला. "किसी ने किया है."

घरात आम्ही दोघंच. सरकारी ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झालेले आमचे हे आतून म्हणाले, "आज चहा मी टाकतो."