कुदळीचा दांडा

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका दुष्काळातली गोष्ट. शेजारच्या काकांनी परसात कोंबड्या पाळल्या होत्या. आम्ही लिंगायत, अंड्यालाही शिवत नव्हतो. तरी मी रोज भिंतीवरून टक लावून बघायचो. कोंबड्यांना बसायला खुराड्यात आडवी लावायची काठी काका आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघत.

“बोचली तर झोप लागंल का त्यायला?”

बाभळीची बोचली. वेळूची निसरडी निघाली. शेवटी त्यांनी कुदळीचा दांडाच काढला.

“काका, मग विहीर कशानं खणणार?”

“लई खणली. खाली नुस्ता खडक हाय. दांडा तेवढा गुळगुळीत झाला.”

तो मात्र त्यांनी गालाला लावला नाही. एकदा आपल्या तळहातांकडे बघितलं आणि दांडा खुराड्यात बसवला.