थांबा, जोडी येऊ द्या

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रोज सकाळी कॅमेरा घेऊन गंगाखेडजवळ गोदावरीच्या कोरड्या पात्रात जायचो. तिथं टरबुजाच्या वाडीत, खोपीच्या सावलीला एक आजोबा बसलेले असत. नाव मी कधी विचारलं नाही. डोक्याचा रुमाल सोडायचा, झटकायचा आणि पुन्हा बांधायचा, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग.

वाळूत टिटवी दिसली की मी कॅमेरा उचलायचो, आणि मागून हळूच आवाज यायचा, "थांबा की सर. जोडी येऊ द्या. एकट्याचा फोटो हार घालायला असतो."

आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लागतो, तो एकट्याचाच. आजोबांनी तो नियम पाखरांनाही लावला होता. मी मनातून चिडायचो, पण थांबायचो. बहुतेकदा दुसरी टिटवी यायचीच.

सुट्टी संपताना मी त्यांचाच फोटो काढायचं म्हटलं. त्यांनी लगेच वेलांत वाकलेल्या आजींना हाक मारली. आजी हात पुसत आल्या आणि त्यांना खेटून उभ्या राहिल्या.

यंदा वाडीत आजी एकट्याच दिसल्या. म्हणाल्या, "सर, त्यो फोटो हाय का? त्यातून ह्यांना तेवढं येगळं काढून द्या. भिंतीला लावायचाय."

घरी येऊन मी खूप खटपट केली. पण कसंही कापलं तरी आजोबांच्या खांद्यापाशी आजींच्या लुगड्याचा काठ उरायचाच. शेवटी तसाच छापून नेला.

"हा काठ पुसून आणू का?" मी विचारलं.

आजींनी त्या काठावर बोट ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या."