दोऱ्याने ओढलेला उपग्रह

जबलपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी अंतराळातल्या रोबोटिक्सचा विषय शिकवते. बरीच वर्षं एकाच गोष्टीमागे लागले होते: निकामी होऊन गरगरणारा उपग्रह यांत्रिक हाताने पकडायचा. प्रयोगशाळेत आमचा उपग्रह म्हणजे रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून करून आणलेला पत्र्याचा डबा, हवेच्या झोतावर तरंगणारा. हाताचं बोट लागलं की डबा लांब सरके. मला त्याची लाज नव्हती. कुठे चुकतंय ते हळूहळू कळत होतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी प्रकल्पाला निधी देणारे पाहुणे दिल्लीहून आले. विभागप्रमुखांनी सभागृहात आमच्या प्रयोगाची फिल्म लावली. पडद्यावर आमचा हात पुढे झाला आणि त्याने डबा अलगद पकडला. टाळ्या पडल्या. पण उजेडात क्षणभर डब्याला बांधलेला नायलॉनचा दोरा चमकलेला मी पाहिला होता.

शेजारी माझी पीएचडीची विद्यार्थिनी होती, गावातल्याच सदर भागातल्या मराठी घरातली; फिल्म तिनेच काढली होती.

"हे काहून केलंस?" मी हळूच विचारलं.

"सरांनी सांगितलं, मॅडम. मी नाही म्हणू शकली नाही." तिचे डोळे भरले होते.

मी उठून पाहुण्यांना हिंदीत सांगितलं, की डबा दोऱ्याने ओढलाय, आमच्या हाताला अजून तो पकडता येत नाही. विभागप्रमुख हसले. "मॅडम थोड़ी परफेक्शनिस्ट हैं." पाहुणेही हसले आणि जेवायला गेले. जेवताना त्यांतले मुख्य गृहस्थ माझ्याजवळ आले. बोटांवरून गुलाबजामचा पाक ओघळत होता. तो चाटत म्हणाले, "इतना तो सब जगह चलता है, मैडम जी." मी ताट तसंच ठेवून बाहेर पडले.

पुढे प्रकल्प माझ्याकडून काढून घेतला. पहिल्या वर्षाचे वर्ग तेवढे उरले. विद्यार्थिनी मात्र घरी आली. "आई मला म्हणून राहिली, झगडा नको करू. पण थीसिसमध्ये मी खरं तेच लिहीन, डबा कसा निसटला ते." तिने तसंच लिहिलं. परीक्षकांनी उलटसुलट विचारून शेवटी पदवी दिली.

विभागप्रमुखांना बढती मिळाली. जिन्यात भेटले की ते प्रेमाने तब्येत विचारतात. मी उत्तर देते, आणि खोलीत जाऊन पाक लागल्यासारखे हात धुते.