न झालेला मुतखडा

गेल्या साली दीड महिना मी रोज सकाळी हुलग्याचं कढण प्यालो, आणि मला मुतखडा नव्हता. बायको आदल्या दिवशी हुलगे भिजत घालायची, सकाळी शिजवून पाणी गाळायची आणि मी पेला रिकामा करेपर्यंत समोर उभी राहायची. शेजारच्या काकूंनी पानफुटीची पानं आणून दिली. तीही मी मुकाट्याने चावून खाल्ली.

खरं दुखणं वेगळंच होतं. मी बावन्न वर्षांचा, तीर्थपुरीत बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान चालवणारा माणूस, आणि मला नीट ताठरता येत नव्हती. हे एवढं वाक्य लिहितानासुद्धा मी उठून दार लोटून आलो.

काहीतरी बिनसलंय हे बायकोला जाणवलं ते तिची पिशवी काढल्यावर. आमच्याकडे गर्भाशयाला कुणी गर्भाशय म्हणत नाही, पिशवीच म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटले, आम्ही जवळ आलो आणि माझ्या शरीराने साथ दिली नाही. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी आधीच कंबर दुखतेय म्हणालो आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा ती म्हणाली, "पिशवी गेल्यापासून मी तुमच्या कामाची राह्यले न्हाई. माफ करा मला."

"तसं न्हाई," एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मग कसं आहे, तेही सांगावं लागलं असतं. तिचा गैरसमज माझ्या सोयीचा होता, म्हणून मी तो राहू दिला. हळूहळू ती अंथरूण बाजूला घालू लागली. एकदा ती फोनवर बहिणीला सांगत होती, "माझ्यात आता काय राह्यलंय त्यांच्यासाठी." मी ते ऐकलं, चपला घातल्या आणि दुकानात गेलो. लाज वाटली, पण तिचा काही उपयोग झाला नाही.

मग मोबाईलवर ती जाहिरात दिसली. शॉकवेव्ह थेरपी. चिरफाड नाही, गोळी नाही. त्या जागेवर यंत्राने लहरी सोडायच्या, रक्तपुरवठा सुधारतो, सहा वेळा यायचं. मला फार आवडलं ते. शहरात सारखं जायला कारण मात्र हवं होतं. मुतखडाही असल्याच लहरींनी फोडतात, हे ऐकून होतो. घरी तेच ठोकून दिलं आणि हुलगे सुरू झाले.

शहरातल्या त्या क्लिनिकमध्ये जायचा धीर व्हायला महिना गेला. तिथे टाय घातलेल्या एका तरुणाने मला पाणी दिलं, यंत्राचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "सर, सहाही सिटिंग आजच बुक करून टाका." साखर आहे का, रक्तदाब आहे का, काही विचारलं नाही. मला ते बरंच वाटलं. कमी विचारणारा माणूसच मला हवा होता. पुढच्या आठवड्यात येऊन बुक करतो म्हणालो.

दोनच दिवसांनी दुकानात एक शेतकरी आला. "कपाशी लाल पडून राह्यली, यूट्यूबवर दाखवलंय ते भारीतलं औषध द्या." असल्या माणसाला मी चार लोकांत वेड्यात काढतो. "झाड बुडासकट उपटून आण, पान दाखव, मंग औषधाचं बोलू," मी सुरू केलं आणि मध्येच थांबलो. दोन दिवसांपूर्वी मीही तेच करून आलो होतो. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला.

त्याच आठवड्यात मी जालन्याला मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. कुणी गिऱ्हाईक भेटेल म्हणून बाहेर तोंडाला रुमाल बांधून बसलो. डॉक्टरांनी सगळं विचारलं. कधीपासून, सकाळी उठताना काही जाणवतं का, तंबाखू किती, साखर शेवटची कधी तपासली. साखर मी कधीच तपासली नव्हती. तपासली, तर ती भलतीच वाढलेली निघाली.

शॉकवेव्हचं मी घाबरतच विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्रास सौम्य असेल, रक्तपुरवठ्याचाच असेल, तर काहींना फायदा होतो. किती होईल, किती टिकेल, हे ठामपणे सांगता येत नाही. साखर अशी असताना मी त्याच्यापासून सुरुवात करणार नाही. साखर आटोक्यात आणू, तंबाखू सोडा, हृदय तपासून गोळी देऊन बघू. लहरींचं त्यानंतर ठरवू." मी मान डोलावली. मग ते म्हणाले, "पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या."

"तिला माहीत न्हाई, साहेब."

"मग त्यांना काय वाटतं?"

तिला काय वाटतं ते मला नेमकं माहीत होतं. मी रिपोर्टचा कागद घडी करून खिशात घातला.

परत येताना बसमध्ये कळलं, मला ते यंत्र का आवडलं होतं. ते कुणाला कळू न देता मला बरं करणार होतं. आणि केलं असतं, तर मी पुन्हा तिच्याजवळ गेलो असतो आणि तिने ते माझे उपकार मानले असते. पिशवी नसलेल्या बाईला नवऱ्याने पदरात घेतलं, म्हणून. मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेला हातात दिला. मी म्हणालो, "मला खडा न्हाई." आणि खाली बघत सगळं सांगितलं. क्लिनिक, साखर, डॉक्टर, सगळं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "कधीपासून?"

इथेही थाप मारता आली असती. "तुझ्या ऑपरेशनच्या आधीपासून," मी म्हणालो. "थोडं थोडं. मला कळून राह्यलं होतं."

"आधीपासून," ती म्हणाली. पेला तिने माझ्या हातातून काढून घेतला आणि मोरीत ओतला. पाठमोरी असतानाच तिने विचारलं, "मंग मी दोन वर्षं कशाची माफी मागून राह्यल्ते?"

पुढच्या सोमवारी ती माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायला निघाली. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती पुढे जाऊन बायकांच्या सीटवर बसली.