भांड्यावर नाव कुणाचं

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार. काम : आईच्या माळ्यावरची भांडी खाली काढणं आणि त्यांचे ढीग लावणं. न्यायची, वाटायची, मोडीत घालायची.

मी स्टुलावर उभी, आई खाली मोरीपाशी चिंच घेऊन बसलेली. फ्लॅट मुनिरकाजवळचा, सरकारी योजनेतला, पहिल्या मजल्यावर. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. सोडतीत त्यांचा नंबर लागला तेव्हा मी कॉलेजात होते. शहाण्णवच्याच उन्हाळ्यात ते गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आमच्या ओळखीतलं कुणीच करत नसे, अपशकुन वाटायचा.

धाकट्या भावाने गुडगावला फ्लॅट बुक केला होता. अजून नुसते खांब उभे होते, पण त्याच्या घरी रंगीत पत्रक टेबलावर कायम असायचं. तो मानेसरला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मॅनेजर होता. मुनिरकाचा फ्लॅट विकायचा, ते पैसे गुडगावला घालायचे आणि आईने त्यांच्याकडे राहायचं, असं ठरल्यासारखं होतं. ठरल्यासारखं म्हणजे कुणी नाही म्हटलं नव्हतं.

आईची भांडी म्हणजे एक खातेवहीच. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. लग्नातल्या पितळेवर तिच्या माहेरचं आडनाव, नंतरच्या स्टीलवर वडिलांचं, डोहाळजेवणात आलेल्या वाट्यांवर देणारीचं नाव आणि साल. दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात नाव घालणारा सरदारजी बसायचा. त्याला मराठी आडनावं लिहिता येत नसत, म्हणून आई घरून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून न्यायची आणि तो अक्षर न् अक्षर बघून उतरवायचा. नाव घातल्याशिवाय भांडं घरात वापरायला निघत नसे.

मी एक मोठं पातेलं खाली दिलं. आईने ते उलटं करून बघितलं आणि बाजूला ठेवलं.

"हे आपलं नाही. खालच्या कुलकर्णी बाईंचं," ती म्हणाली.

"आई, त्या सरिता विहारला जाऊन किती वर्षं झाली. तूच वापरतेस हे."

"वापरते. म्हणून माझं झालं का? नाव बघ की."

बाराच्या सुमाराला भाऊ आणि भावजय आले. भावजयीच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी होती, भावाच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर. पिशवी कशाची ते मला लगेच कळलं. आमच्याकडे बाप गेला की बहिणींनी वडिलांच्या इस्टेटीवरचा हक्क सोडायचा आणि भावाने साडीचोळी करायची, अशी रीत. माझ्या आत्यांनी कोल्हापूरच्या घराबाबत तेच केलं होतं, आणि हळदीकुंकवाला जावं तितक्या सहज तहसील कचेरीत गेल्या होत्या. मलाही फार काही वाटत नव्हतं. माझं घर होतं, नोकरी होती.

"ताई, फक्त सही आहे. चलो, जेवणाआधी उरकून टाकू," भाऊ म्हणाला.

मी एका सरकारी उपक्रमाच्या इस्टेट विभागात होते. दिवसभर भाडेपट्ट्यांच्या फायली. कागद हातात आला की मी आधी शेवटी कुणाच्या सह्या आहेत ते बघते, मग वरून वाचते. या हक्कसोडपत्रावर सहीसाठी दोन जागा होत्या. पहिली माझी. दुसरी आईची.

"आईचाही हक्क सोडायचा?"

"एकाच्या नावावर असलं की सगळं सोपं, ताई. आधी माझ्या नावावर, मग सरकारी पट्ट्याचं फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीचं करून घ्यायचं, मग विकायचं. तिघांची नावं असली की प्रत्येक वेळी तिघांनी रांगेत उभं राहायचं. आणि तसंही बाबांनी नॉमिनी मलाच केलं होतं."

"नॉमिनी म्हणजे मालक नाही."

"मग काय असतो?"

मी काही बोलायच्या आत आईच बोलली. तिला वाटलं, हक्क सोडायचा का हे मी तिलाच विचारते आहे.

"सही कुठे करायची ते दाखव, मी करते. मला काय करायचंय घर? मी तर तुमच्याकडेच राहणार."

हातातली कढई तिने खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. त्याच सकाळी भावजयीने फोनवर विचारलं होतं, की नव्या किचनला माळा नाही, तेव्हा जुनी पितळी परात मोडीत घालायची का. त्यावर आईने दहा मिनिटं वाद घातला होता. परातीसाठी दहा मिनिटं. घरासाठी हात पुसायचा वेळ.

"आई, एक मिनिट," मी म्हटलं. "नागपूरला कुणी जाणारं असलं की तू मामीसाठी चिवड्याचा डबा देतेस. डबा कुणाचा?"

"मामीचा."

"नेणाऱ्याचा नाही?"

"त्याचा कसा होईल? त्याने पोचवायचा."

"नॉमिनी तसाच. सरकारी हापिसातून घेऊन वारसांना पोचवणारा. वारस तिघं आहेत. तू, मी, हा. सारखे हिस्से."

"यार ताई, तू ऑफिसची फाइल इथे नको उघडूस," भाऊ म्हणाला. पण तो खुर्चीवर बसला.

आई विचारात पडली. "मग कुठली खोली कुणाची?"

"तसं नसतं. मंडळाच्या गणपतीचा मोठा टोप आहे ना, वर्गणीतून घेतलेला? त्यातला तुझा तुकडा दाखवता येतो का?"

"छे. पण कुणा एकीला तो परस्पर विकताही येत नाही," ती म्हणाली.

समोरच्या गच्चीवर लोकांनी रजया उन्हात टाकल्या होत्या. त्या वर्षांत दिल्लीत जो तो प्रॉपर्टीबद्दल बोलायचा. काल शेत होतं तिथे आज बोर्ड. माणसं घर घेतलं म्हणायची आणि हातात नुसतं मुखत्यारपत्र असायचं. घरात राहणं म्हणजे ताबा, कागदावर असणं म्हणजे मालकी, आणि पट्ट्यावर असलं तर तीही अर्धीमुर्धी, हे मला पगारासाठी रोज लिहावं लागे. घरी मात्र आम्ही नेहमी म्हणायचो, घर आईचंच. खरंच तसं म्हणायचो. वडीलही म्हणायचे. कुणी खोटं बोलत नव्हतं, आणि एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं.

"ताई, मी आईला रस्त्यावर काढणार आहे का?" भावाचा आवाज बदलला होता.

"नाही. तू नाही काढणार. पण घर तारण ठेवताना तुला तिला विचारावं लागणार नाही. उद्या कारखाना अडचणीत आला, विकायची वेळ आली, तर सही तुझी एकट्याची. तेव्हा तिने 'मी कुठे जाऊ' हे तुझ्याकडे बघून विचारायचं का कागदाकडे बघून, एवढाच प्रश्न आहे."

"आई, तुझा विश्वास नाही माझ्यावर?" त्याने मला सोडून तिला विचारलं. हे त्याला लहानपणापासून बरोबर जमायचं.

मला वाटलं, आता आई सही करणार. तिने कुलकर्णी बाईंचं पातेलं जवळ ओढलं आणि त्यावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"तुझ्या बायकोला मी लग्नात पाण्याचं पिंप दिलं. घरातलीच आहे ती. तरी तिचं नाव घालून दिलं की नाही?"

"दिलं," भावजय म्हणाली.

"का दिलं? विश्वास नव्हता म्हणून? नाव घातलं की कुणाला काही विचारावं लागत नाही, म्हणून दिलं." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "मी तुझ्याकडे येणार. हे घरही विका, माझं काही म्हणणं नाही. पण आधी इथे माझं नाव घाला. आणि इथलं विकून तिकडे जे घ्याल, त्याच्यावर घाला. मग सांगशील तिथे सही करते."

"तिकडचं बुकिंग झालंय, आई. आता नाव वाढवायचं म्हणजे बिल्डरकडे खेटे."

"घाल खेटे. मी परातीवर नाव घालायला सरोजिनी नगरला दोनदा गेले होते. पहिल्यांदा त्याने वेलांटी चुकवली."

भावजय हसली. मग पिशवी मांडीवर तशीच धरून, सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "अहो, त्या बुकिंगवर नाव कुणाकुणाचं आहे?"

"माझं. और किसका?"

तिने पिशवीची दोन टोकं जुळवली आणि परत सोडली. भावाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तो मनाने वाईट कधीच नव्हता. घाईत असायचा, त्या काळात सगळेच होते. त्याने कागद फोल्डरमध्ये ठेवला आणि म्हणाला, "ठीक आहे. बघतो." त्याच्या 'बघतो'चा अर्थ कधी हो असतो, कधी नाही, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

आम्ही जेवलो. जेवताना गुडगावच्या पाण्याबद्दल बोललो, ते बोअरिंगचं असेल आणि डाळ शिजणार नाही, असं आईचं म्हणणं होतं. जाताना भावजयीने साडीची पिशवी फ्रिजवर ठेवली. मी परत दिली नाही, उघडलीही नाही. आईने परात न्यायच्या ढिगात ठेवली, आणि भावजयीने ती बघूनही काही म्हटलं नाही.

ते गेल्यावर आईने विचारलं, "तुझा हिस्सा तू सोडायला निघाली होतीस ना?"

"हो."

"अजून सोडायचाय?"

"सोडायचाय. त्याच्या नावे नाही."

तिने मान हलवली आणि उरलेली चिंच पितळी गडूला लावायला घेतली. त्या गडूवर माहेरचं नाव झिजून पुसट झालं होतं. ती म्हणाली, हे परत घालून घ्यायला हवं, पण तो सरदारजी आता तिथे बसतो की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला फोन करून अर्धी रजा घेतली. नोंदणी कचेरीबाहेरच्या विक्रेत्याकडून स्टँप पेपर घेतला आणि टायपिस्टजवळ उभी राहून हक्कसोडपत्राचा मजकूर सांगितला. लिहून देणार, मुलगी. लिहून घेणार, आई. तिचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट, लग्नाआधीचंही कंसात. टाइप झाल्यावर एक वेलांटी चुकलेली दिसली, तेवढं पान पुन्हा टाइप करून घेतलं.