हवाबीचा हजचा फोटो

हुसेनने कुवेतहून कॅमेरा पाठवला, तेव्हा सगळ्या बुरोंडी गावात तसला दुसरा नव्हता. साबणाच्या वडीएवढा, रुपेरी, पाठीला काडेपेटीएवढा पडदा. दोन हजार चारची गोष्ट. हुसेनने बायकोला, रझियाला, फोनवर एवढंच सांगितलं की यात रोल नसतो. दाबायचं आणि मागे बघायचं. रझियाला ते पटेना. रोल नाही तर फोटो चिकटतो कशावर? छत्तीस फोटोंत नणंदेचं अख्खं लग्न बसवलेलं ते घर. तिने काटकसर चालूच ठेवली. आठवड्याला दोन फोटो, तेही माणसांना ईदची कापडं चढवून. दोन महिन्यांत पंधरा फोटो झाले आणि पंधराही फुकट. कुणाचं कपाळ उडालेलं, कुणाला दोन नाकं.

हुसेन फोनवर हसला. म्हणाला, पुसून टाक आणि परत काढ, हात कोण धरतंय तुझा?

त्या दिवशी रझियाने एका कोंबडीचे चाळीस फोटो काढले. खळ्यात, म्हणजे देशावरचे ज्याला अंगण म्हणतात तिथे, कोंबडीच्या मागे उकिडवी फिरत राहिली. कोपरं बरगड्यांना चिकटवली तर हात हलत नाही, हे अठराव्या फोटोला कळलं. बटण आधी अर्धं दाबायचं, कॅमेऱ्याला नीट बघू द्यायचं, मग पुरतं दाबायचं, हे तिसाव्याला. शेवटच्या फोटोत कोंबडीची मान पडदाभर आली. आपण तिला तपकिरी म्हणतो, पण त्या पिसांत हिरवं होतं, तांबडं होतं, जांभळाच्या सालीसारखं काहीतरी होतं. रोज तिला हाड्हाड् करणारी रझिया पडदा सावलीत धरून बघतच राहिली. चुलीवर कालवण करपलं.

तिची खरी अडचण पुढे आली, सासूच्या फोटोला.

हवाबी सत्तरीला टेकलेली. हजला बाईमाणसाला घरच्या मर्दाच्या सोबतीने जायचं. मुलगा कुवेतला अडकलेला, पण तिचा धाकटा भाऊ यंदा निघाला होता. त्याचे गुडघे पुढच्या सालाची हमी देत नव्हते. यंदा नाही तर कधीच नाही, हे हवाबी भाकरी थापता थापता दिवसातून दोनदा सांगे. दोघांचे फॉर्म एकत्र जायचे होते. सोमवारी भाऊ ते घेऊन मुंबईला निघणार होता, आणि हवाबीच्या फॉर्मावर फोटोची जागा रिकामी होती.

दापोलीच्या एका स्टुडिओत तीनदा बसवून झालं होतं. मोतीबिंदू काढलेला तिचा डोळा फ्लॅश उडाला की मिटे, आणि त्याच्या संगतीने दुसराही. डोळे मिटलेला फोटो चालणार नव्हता. चौथ्यांदा जायला ती राजी नव्हती.

"मेला तोंडावर वीज पाडता. मी काय माड हाय?"

तेव्हा काम सुनेवर आलं. फ्लॅश कसा बंद करायचा ते रझियाने बटणं चाचपून शोधून काढलं होतं. पण सासूची एक अट होती: हजचा फोटो, तेव्हा तोंड किबल्याकडेच हवं. किबला, म्हणजे मक्केची दिशा, पश्चिमेला, दर्याकडे. फोटोत दिशा कोणाला दिसणार, असं रझियाने विचारून बघितलं. ज्याला दिसायची त्याला दिसते, असं उत्तर मिळालं.

शुक्रवारी सकाळी खळ्यात खुर्ची मांडली. सूर्य हवाबीच्या पाठीशी, तोंड तव्याच्या बुडासारखं काळं आलं. संध्याकाळी ऊन समोरून आलं, तर डोळ्यांच्या नुसत्या चिरा. पडवीच्या सावलीत बसवलं, तर सगळं तोंड गढूळ, वर खळ्याच्या तांबड्या मातीची झाक. साठ फोटो झाले, साठही पुसले. हवाबीने खुर्ची स्वतःच उचलून आत नेली. मग नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, गेली, आणि रझियाला तेच जास्त लागलं.

शनिवारी दळणासाठी धुतलेले तांदूळ खळ्यात पांढऱ्या चादरीवर पसरले होते. अकरा वाजून गेलेले. हवाबी पडवीच्या कडेला, सावलीत, हातात काठी घेऊन चिमण्या राखत बसली होती. तोंड दर्याकडे. रझिया आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकून तशीच थांबली.

सासूच्या हनुवटीखाली सावली नव्हती. गळ्याच्या सुरकुत्यांत नव्हती, डोळ्यांच्या खोबणीतही नव्हती. ऊन तर तिच्या अंगावर तसूभर पडलेलं नव्हतं. रझियाने वर बघितलं, आजूबाजूला बघितलं, मग खाली. ऊन तांदळांवर पडत होतं आणि तांदळांवरून उठून म्हातारीच्या तोंडावर जात होतं.

तिने तांब्या ठेवला, चादरीचं टोक धरलं आणि हातभर मागे ओढलं. तोंड मंदावलं. पुढे आणलं, उजळलं. परत मागे, परत पुढे. उजेड असा चालवता येतो, ओढून आणता येतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"तांदूळ कुठं नेतंस गो?" हवाबीने विचारलं.

"नेत नाय, अम्मी. तुमच्या तोंडाजवळ आणतंय."

"ऊन लागला काय तुना?"

रझिया धावत कॅमेरा घेऊन आली. सासूच्या मागे चुना लावलेली भिंत होतीच. चादरीच्या कडेला मातीत बसली, कोपरं आवळली, अर्धं दाबलं, थांबली, पुरतं दाबलं. पडद्यावर बघितलं.

हवाबीचे डोळे घारे होते.

रझिया नऊ वर्षं या घरात होती. आधी सासूला बाटलीच्या बुडासारखा चष्मा, आणि तिच्याशी बोलायचं ते मान खाली घालून. हातांचे घट्टे तिला पाठ होते, टाचांच्या भेगा पाठ होत्या. डोळ्यांचा रंग ठाऊक नव्हता. शेवाळी विहिरीत भर दुपारचं ऊन उतरावं, तसे ते डोळे तिच्याकडे बघत होते.

तिने कॅमेरा पुढे केला. हवाबीने तो लांब धरला, जवळ धरला.

"उघडे हायत," ती म्हणाली.

"हायत."

"मग चालता."

रविवारी रझियाने दापोलीला जाऊन फोटो छापून आणले. सोमवारी भाऊ निघाला. बुधवारी त्याचा मुंबईहून फोन आला: दोन्ही फॉर्म घेतले, फोटोबद्दल कुणी ब्र काढला नाही. हवाबीने फोन ठेवला, अल्लाचं नाव घेतलं आणि लसूण सोलायला बसली.

रझिया तिच्यासमोर येऊन बसली. हात रिकामे होते.

"अम्मी, जरा वर बघा."

"आता कसला फोटो?"

"फोटो नाय. अशाच बघा."

हवाबीने मान वर केली. रझियानेही खाली घातली नाही.

"बघून झाला असंल," हवाबी म्हणाली, "तर भाकऱ्यांचा बघ."