वाटणीत आलेलं डावं इंजिन

माझ्या आजोबांचा ट्रक दोन इंजिनांचा होता. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सांगायचंच सोडलं होतं. मोटारी नव्या नव्या निघाल्या तेव्हाची ती गाडी, कुणा लाकडाच्या ठेकेदाराकडून जुनी घेतलेली. बॉनेटखाली शेजारी शेजारी दोन लहान इंजिनं. डावं मागचं डावं चाक फिरवणार, उजवं उजवं. एका इंजिनात दम नाही म्हणून दोन लावली असणार, दुसरं काय!

आजोबा गेले आणि बाबा-काकांची वाटणी झाली. डहाणूजवळच्या चिखल्याची चिकूची वाडी बाबांना, तलासरीकडची डोंगरातली भातशेती काकांना. ट्रकावर अडलं. कुणीच सोडेना, तेव्हा पंचांनी डावं इंजिन बाबांना आणि उजवं काकांना दिलं. एवढ्या शहाण्या माणसांत एकालाही सुचलं नाही की अशाने गाडी कुणाचीच राहणार नाही. डाव्या इंजिनासकट सांगाडा आमच्या शेडमध्ये राहिला. काकांनी आपल्या इंजिनावर भातगिरणी चालवली, पुढे वीज आल्यावरही ती गेली की तेच लावायचे. भावाभावांचं बोलणं मात्र तेव्हापासून बंद.

२०१८ साली नव्या रेल्वेसाठी वाडीच्या कडेची जमीन गेली, शेडसकट. भंगारवाला गॅसकटर घेऊन यायला तयारच होता. बाबा हट्टाला पेटले. "बापाची गाडी कापून नाही जाणार. स्वतःच्या चाकांवर रस्त्यापलीकडच्या उरलेल्या वाडीत जाईल, मी चालवीन." त्यासाठी काकांचं इंजिन हवं. मागायला कोण जाणार? मी! आठवडाभर डहाणूत शाळेत शिकवायचं आणि रविवारी तलासरीची एसटी धरायची.

काका म्हणायचे, "त्याला तोंड नाही का? येऊन माग म्हणावं." बाबा म्हणायचे, "मी मोठा आहे, मी कशाला जाऊ?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले. शेवटच्या खेपेला मी काकांच्या अंगणात बसले आणि सरळ सांगितलं, "काका, मी दमले. आता येणार नाही. कापली तर कापू दे." काकांनी पाणी दिलं.

पुढच्या रविवारी सकाळीच दारात टेम्पो. मागे इंजिन, पुढे काका आणि एक मेकॅनिक. बाबा शेडच्या तोंडाशी उभे राहिले, ना ये म्हणाले ना बस. मेकॅनिकला घेऊन काकांनीच इंजिन जागेवर चढवलं. दुपारी हँडल मारलं आणि ते खोकत, धूर ओकत चालू झालं. आमचं डावं मात्र हलेचना. वास्तविक बाबांनी ते जिवापाड जपलेलं, कुणाला हात लावू दिला नव्हता. मेकॅनिकने खोललं तर आत नुसता गंज, पिस्टन चिकटून बसलेला.

काकांनी आत बघितलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावाशी बोलले. "दादा, दसऱ्याला नारळ कुठे फोडायचास?"

"इंजिनावरच. आपले बाबा फोडायचे तसा."

"अरे, ते फोडायचे आणि लगेच गाडी काढायचे! इंजिन तापून नारळाचं पाणी उडून जायचं. तू नारळ फोडून वर ताडपत्री घालत गेलास, पाणी आतच मुरलं."

बाबांचा चेहरा इतका पडला की मला काकांचाच राग आला. आत्ताच बोलायला हवं होतं का हे? बाबा म्हणाले, "बोलाव त्या भंगारवाल्याला."

"गप. चढ वर," काका म्हणाले. डावं चाक मोकळं फिरावं म्हणून त्यांनी त्याला इंजिनाशी जोडणारी साखळी काढून टाकली. "माझं ओढेल. पण गाडी सारखी डावीकडे जाईल. स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरायला लागेल. जमेल ना?"

बाबा चढले. ट्रक तिरपा तिरपा शेडबाहेर आला. बाबा स्टिअरिंगवर अंग टाकून बसलेले, काका शेजारून चालत ओरडताहेत, "दाब, दादा, अजून दाब!" रस्ता ओलांडून चिकूच्या झाडांत गाडी थांबली. बाबांना उतरता येईना. काकांनी त्यांना काखेत धरून उतरवलं.

मेकॅनिक पाना घेऊन पुढे झाला. काकांचं इंजिन उतरवून टेम्पोत ठेवायचं ठरलेलं होतं. बाबाही म्हणाले, "ने तुझं. तुझ्या वाटणीचं आहे."

काकांनी मेकॅनिकच्या हातातला पाना काढून घेतला. "राहू दे इथेच," म्हणाले. "तुझं मेलंय, दादा. माझं एकट्याचं नेऊन मी काय करू?"